माणसाची उंची बदलत नाही, असं मी धरलं होतं

बसा, चहा घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागलो की तुम्ही मधे मधे "अरे, पण तू असं केलंसच कसं?" असं विचारणार, आणि त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. परदेशात शिकलेला माणूस किती खोल खड्ड्यात पडू शकतो, आणि तो खड्डा त्यानं स्वतः किती नीट मोजून खणलेला असतो, त्याची ही गोष्ट आहे.

मी आठवीला सोलापूर सोडलं. आधी बंगळूर, मग जर्मनी. तिकडे डेटाबेस शिकलो, नोकरीही मिळत होती. पण माझ्या डोक्यात एकच होतं, आपल्या शिक्षणाचा उपयोग आपल्या गावाला व्हायला हवा. तसं फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, "कर की उपयोग. जेवलास का?"

तर मी परत आलो, आणि मला देशाची सेवा करायची संधी लगेच मिळाली. ती गिरिजाक्कांनी दिली.

गिरिजाक्का म्हणजे आमच्या समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाच्या सर्वेसर्वा. वय साठीच्या पुढं, बोलणं निम्मं मराठी, निम्मं कन्नड. नव्या पेठेच्या मागं एका दुकानाच्या माडीवर मंडळाच्या दोन खोल्या आहेत. अक्कांचा निरोप आला, "आमचा कॉम्प्युटर लई हळू चालतोय. जरा बघून जा की."

कोणीही शहाणा माणूस गेला असता, नको असलेल्या फायली काढल्या असत्या, चहा पिऊन घरी आला असता. मी गेलो आणि मला तिथं समाजपरिवर्तन दिसलं.

महिनाभरात मी त्यांना अख्खी नवी व्यवस्था करून दिली. सगळे बायोडाटा डेटाबेसमध्ये. प्रत्येक कुटुंबाला पासवर्ड. घरबसल्या मोबाईलवरून आपली माहिती आपणच बदलायची, अक्कांकडे हेलपाटा मारायला नको. आणि या सगळ्याच्या तळाशी माझा आवडता भाग, लॉग.

लॉग म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगतो, पळू नका. डेटाबेसमध्ये कोणी काहीही बदललं, की आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे एका जागी आपोआप टिपलं जातं. हे टिपण पुसून न टाकता कायमचं जपून ठेवणं म्हणजे आर्काइव्ह. त्याला वेगळी डिस्क लागते, आणि ती केवढी घ्यायची हे आधी नीट मोजावं लागतं. कारण नियम असा, की ती डिस्क भरली तर डेटाबेस नवीन काही लिहून घेत नाही. वाचता सगळं येतं, बदलता काहीच येत नाही. जपून ठेवायला जागा नसेल तर बदलच नको, असा त्याचा स्वभाव. मला तो स्वभाव फार थोर वाटायचा.

मंडळाच्या बैठकीत मी यावर भाषण केलं. "लग्न विश्वासावर उभं राहतं आणि विश्वास पारदर्शकतेवर," असं म्हणालो. बदल एका अक्षराचा असला तरी आधीचा आणि नंतरचा पूर्ण बायोडाटा, फोटोसकट, पत्रिकेसकट, लॉगमध्ये जाईल. आणि त्यातली एकही ओळ कधी पुसली जाणार नाही. असा ठरावच मी मंजूर करून घेतला. टाळ्या पडल्या. नंतर कळलं, त्या टाळ्या चहा आला म्हणून होत्या.

आता अंदाज काढायचा. मी तिकडे शिकलेल्या पद्धतीनं गेलो, आधी निरीक्षण. मंडळाच्या खोलीत कोपऱ्यात टेबल घेतलं आणि ठरवलं, पंधरा दिवस रोज किती बदल होतात ते मोजायचं. नेहमीसारखं काम करा, माझ्याकडे लक्ष देऊ नका, असं सगळ्यांना सांगितलं. तसं लक्ष द्यायला तिथं फारसं कोणी नव्हतंच. अक्का खिडकीशी बसून वाती वळायच्या. फोन वाजला तर चुकीचा नंबर असायचा.

पंधरा दिवसांत बदल झाले मोजून दोन. एकाचा फोन नंबर बदलला. दुसऱ्याचं परस्पर कुठंतरी जमलं, म्हणून त्याचं नाव काढलं.

मी भारावून गेलो हो. केवढा स्थिर समाज. तिकडे लोक आठवड्याला नोकरी बदलतात, आणि इथं पंधरा दिवसांत एक पानसुद्धा हलत नाही. तसं मी अक्कांना बोलूनही दाखवलं.

अक्कांनी वाती बाजूला ठेवल्या. "बाळा, पितरं चालू हायत की."

"म्हणजे?"

"म्हणजे पितृपक्ष. ह्या पंधरवड्यात लग्नाचं नाव कोण काढतंय?"

"अहो, मग मला सांगायचं ना. मी इथं रोज बसलोय."

"मला वाटलं, तुला कुटं बसायला जागा न्हाय म्हणून बसतोयस," अक्का म्हणाल्या. "आणि तू जर्मनीला गेलतास, चंद्रावर न्हाय. पितरं ठाऊक नसतील असं कोण समजंल?"

इथं माझी गोष्ट संपायला हवी होती. चूक कळली, पुन्हा मोजलं, झालं. पण मी काय केलं? मी आकडा दहापट केला. सरळ दहानं गुणलं आणि स्वतःच्या सावधपणावर खूष झालो. दहापट म्हणजे काय थोडं झालं का?

वर त्याला तात्त्विक आधारही दिला. बायोडाट्यात बदलण्यासारखं असतं तरी काय? जन्मतारीख बदलत नाही. वाढ पुरी झाल्यावर माणसाची उंची बदलत नाही. शिक्षण झालं ते झालं. शेती आहे तेवढीच राहते. रंग, रक्तगट, आईवडील, सगळं कायम. पगार वर्षातून एकदा वाढतो, तेही मालकाच्या मनात आलं तर. मी अक्कांना विचारलं, पूर्वी कागदावर असताना लोक बदल करायला यायचे का? अक्का म्हणाल्या, "छे. कुणीच येत नव्हतं." ते खरंही होतं. फक्त मी हे लक्षात घेतलं नाही, की पूर्वी उंची वाढवून घ्यायला लोकांना अक्कांसमोर येऊन उभं राहावं लागायचं. अक्का आधी पायातल्या चपलांकडे बघायच्या, मग डोक्याकडे. त्यांच्या त्या नजरेखाली कोणाची एक इंच वाढायची हिंमत होणार?

आणि ती नजर मी, समाजाच्या सोयीसाठी, मोबाईल देऊन काढून टाकली होती.

डिस्क घ्यायला गेलो तो प्रसंगही ऐकण्यासारखा आहे. दुकानदार ओळखीचा. त्यानं चांगली मोठी डिस्क समोर ठेवली. मी म्हणालो, "एवढी नको. हिच्या निम्मीसुद्धा नको."

"सर, एवढी लहान आता येत नाही."

"संस्थेचा पैसा म्हणजे लोकांचा पैसा. गरजेपेक्षा जास्त घेणं बरोबर नाही."

"अहो, फरक चहापाण्याचा आहे."

मी त्याला गरज आणि हाव यांवर एक छोटं भाषण दिलं. त्यानं ऐकून घेतलं, माळ्यावर चढला, कोणाच्या तरी जुन्या कॉम्प्युटरमधली काढलेली डिस्क फुंकर मारून खाली आणली आणि म्हणाला, "ही फुकट न्या. भाषण थांबवा."

दसरा गेला, दिवाळी झाली. तुळशीचं लग्न लागलं, आणि माझ्या स्थिर समाजाला जाग आली.

काय काय बदललं म्हणून सांगू? उंची तर सगळ्यात जास्त बदलली. मुलीकडचे पाच फूट आठ मागतायत म्हटलं की रात्रीतून मुलगा वाढायचा. मुलगी बुटकी निघाली की शहाण्यासारखा परत खाली यायचा. जिरायत शेती सोमवारी बागायत व्हायची. एकत्र कुटुंब सकाळी विभक्त व्हायचं आणि संध्याकाळी, मुलीच्या आत्याचा फोन आल्यावर, परत एकत्र नांदायला लागायचं. एका मुलाला स्वयंपाक येत होता, मग येत नव्हता, मग "चहापुरता" येत होता. फोटो तर अंगातल्या शर्टासारखे बदलायचे. आणि लॉग माझ्या ठरावाबरहुकूम प्रत्येक वेळी अख्खा माणूस दोनदा साठवत होता, फोटोसकट, पत्रिकेसकट.

डिस्क निम्मी भरल्याचं मला दिसलं. तुम्हाला वाटेल मी घाबरलो. मी अक्कांना अभिमानानं सांगितलं, "बघा, लोकसहभाग."

आता सुवर्णाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापाशी येऊन अडलं.

सुवर्णा अक्कांची पुतणी. कुंभारीची, पण नोकरी मोहोळला. शाळेत गणित शिकवते. तिचे वडील, म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ मल्लिनाथअण्णा, यांचं कुंभारीत खत-बियाण्याचं दुकान. माणूस मनानं सोन्यासारखा, पण मुलीच्या लग्नाच्या काळजीनं पार वाळून गेलेला. प्रत्येक स्थळ एकाच गोष्टीवर मोडत होतं. सुवर्णानं बायोडाट्यात स्वच्छ लिहिलं होतं, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही." अण्णांचं म्हणणं, आधी जमू तर दे, मग बघू. सुवर्णाचं म्हणणं, मग बघू म्हणणाऱ्यांच्या घरात मला जायचंच नाही.

पासवर्ड दोघांकडेही होता. त्यामुळे रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, अण्णा लिहायचे, "नोकरी सोडण्यास तयार." आणि संध्याकाळी एसटीत बसल्या बसल्या सुवर्णा ते परत बदलायची, "सोडणार नाही." बापलेकीत या विषयावर घरात चकार शब्द निघत नव्हता. सगळं भांडण माझ्या डिस्कवर चाललं होतं.

मंडळाचा वधू-वर मेळावा एका रविवारी होता, होटगी रोडच्या एका मंगल कार्यालयात. त्यासाठी कुर्डूवाडीहून एक स्थळ खास सुवर्णासाठी येणार होतं. मुलगा बसवराज, रेल्वेच्या कारखान्यात कामाला. फोनवर सगळं जुळलं होतं. आता बायोडाटा नीट वाचायचा, मुलीला बघायचं आणि दुपारच्या गाडीनं परत जायचं, असा त्यांचा बेत. अण्णांनी अक्कांना बजावून सांगितलं होतं, हे स्थळ हातचं जायला नको.

सकाळी नाश्त्याला चुरमुऱ्यांची सुशीला होती. भिंतीवर मोठा पडदा, टेबलावर चार टॅब, कुटुंबं येतायत, बायोडाटा बघतायत. मी नवीन झब्बा घालून अभिमानानं फिरत होतो. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. खुर्च्यांवर बसलेले सगळे लोक मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी करतायत. मला वाटलं, गेम खेळत असतील.

अहो, ते एकमेकांना बघून स्वतःला दुरुस्त करत होते. पडद्यावर एखाद्या उंच मुलीचा फोटो आला की पाच-सात मुलगे जागच्या जागी वाढत होते. कोणाच्या अपेक्षेत "पुण्यात स्थायिक" दिसलं, की अख्खी रांग पुण्याला बदली करून घेत होती. सबंध हॉलभर माणसं वाढतायत, आटतायत, गोरी होतायत, आणि तिकडे आतल्या खोलीत माझी ती माळ्यावरची डिस्क हे सगळं इमानदारीनं गिळत होती.

साधारण अकराच्या सुमाराला ती भरली.

पडदा चालूच राहिला, बायोडाटा दिसतच राहिले. पण जो कोणी बदल करू बघेल त्याला मोबाईलवर संदेश येऊ लागला. तो संदेशही मीच शुद्ध मराठीत लिहून ठेवला होता. "बदल स्वीकारता येत नाही. आहे तीच माहिती ग्राह्य धरावी."

मग माझ्याभोवती घोळका. एकजण म्हणाला, "माझी उंची अर्धवट अडकलीय." एक बाई म्हणाल्या, "आम्ही विभक्त होता होता राहिलो, आता सासूबाई काय म्हणतील?" आणि त्या घोळक्यातून कोपरांनी वाट काढत अण्णा आले, हातात मोबाईल.

"साहेब, माझं घेत न्हाय की हे. कवापासनं दाबतोय."

मी बघितलं. सकाळी एसटीतून उतरता उतरता सुवर्णानं केलेला बदल आत गेला होता. अण्णांचा बाहेर उभा होता. पडद्यावर तिचं नाव येईल तेव्हा खाली दिसणार होतं, "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही."

"कुर्डूवाडीकर आत्ता रिक्षातनं उतरत्यात," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "त्येंनी वाचायच्या आत होतंय का बघा. हात जोडतो. माझ्या पोरीचा प्रश्न हाय."

मी आतल्या खोलीत पळालो. मेळाव्यासाठी आणलेला डेटाबेसचा कॉम्प्युटर तिथंच होता. उपाय साधा होता. लॉगमधला जुना भाग पुसायचा, जागा होते, पाच मिनिटांत सगळं चालू. पुसायचा नाही असा माझाच ठराव होता, पण अण्णांचा चेहरा बघून ठराव वगैरे मी विसरलो होतो. पुसायची आज्ञा टाईपसुद्धा केली. फक्त एक बटण दाबायचं बाकी.

"ओंकार सर."

दारात सुवर्णा उभी. साडीचा पदर कमरेला खोचलेला, जणू फळ्यासमोरच उभी आहे.

"होईल का लगेच दुरुस्त?"

"पाच मिनिटांत. काळजी करू नका."

ती आत आली, दार लोटून घेतलं. "सर, दोन तास लावता येतील का?"

मला कळेना. "दोन तास कशाला?"

"त्यांची गाडी आहे दुपारची. एकदा ते वाचून, बोलून जाऊ देत. बाबांचं वाचून होकार दिला तर मला आयुष्यभर ते खरं करत बसावं लागेल. माझं वाचून नकार दिला तर आजचा दिवस वाईट जाईल, एवढंच." मग म्हणाली, "तुम्हीच त्या दिवशी भाषणात म्हणालात ना, विश्वासावर उभं राहतं म्हणून? मी मागं बसले होते. टाळ्या मी त्यासाठीच वाजवल्या."

आता बघा. माझं भाषण ऐकून घेणारी अख्ख्या सोलापुरात एकच व्यक्ती निघाली, आणि ती मला सांगत होती की कॉम्प्युटर बंद ठेव.

तेवढ्यात दार उघडून अण्णा आत. सुवर्णा शांतपणे बाहेर निघून गेली, जणू पाण्याचा पेला शोधायला आली होती. मी टाईप केलेलं सगळं खोडलं आणि दुरुस्तीला लागलो. म्हणजे दुरुस्तीचं नाटक करायला लागलो.

तुम्ही कधी येत असलेली गोष्ट येत नसल्याचं नाटक केलंय? दोन तास? समोर घाम पुसत मुलीचा बाप बसलेला असताना? मी खिडक्या उघडल्या, मिटल्या. वायर काढली, फुंकली, परत लावली. त्याच त्या फायलीचं नाव आठ वेळा टाईप केलं. पुटपुटलो. मधे मधे "अच्छा" म्हणालो.

अण्णा सुरुवातीला आदरानं बघत होते. मग नुसतं बघत होते. मग म्हणाले, "तिकडं कीबोर्ड निराळा असतोय काय?"

"नाही, तोच असतो."

"मग लाईट जात नसंल तिकडं. बंद पडल्यावर काय करायचं, ते शिकवत नसतील."

"बघतो ना अण्णा, होतंय."

"घरी आई कशी हाय? तिला ठाऊक हाय का, तुला कितपत येतंय ते?"

मी मान खाली घालून नवव्यांदा तेच टाईप केलं. पारदर्शकतेवर भाषण देणारा मी, आयुष्यातलं सगळ्यात लांब खोटं बोलत होतो, तेही जेमतेम चार शब्दांत.

अक्का एकदा आत आल्या. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग भावाला म्हणाल्या, "साकु, साकु." वैतागल्या की त्या असं कन्नडात पुरे म्हणतात. "चल बाहेर. ती माणसं आलीत. ह्याला बसू दे हितंच."

अण्णा उठले. मीही दाराच्या फटीतून बघायला लागलो, खोटं कशाला सांगू.

बसवराजची आई पडद्यासमोर चष्मा लावून उभ्या होत्या, एकेक ओळ मोठ्यानं वाचत. शिक्षण वाचलं, उंची वाचली. उंची खरी होती, कारण सुवर्णानं कधी बदलली नव्हती आणि अण्णांच्या ते डोक्यात आलं नव्हतं. मग शेवटची ओळ आली. "लग्नानंतर नोकरी सोडणार नाही." अण्णा डोळे मिटून उभे होते.

"मोहोळला नोकरी काय?" बाईंनी विचारलं.

"हो," सुवर्णा म्हणाली.

"मोहोळ काय लांब न्हाय. गाडी हाय की." त्या मुलाकडे वळल्या. "तुझ्या बापाची बी पाळीची ड्युटी होती. मी घरात बसून सगळा जलम घड्याळ बघितलं. ही शाळेत जातीया तर बरंच हाय. हिला घड्याळ बघायला वेळ मिळायचा न्हाय."

बसवराज एवढंच म्हणाला, "मला चालतंय. मी कुठं नोकरी सोडणार आहे?" सुवर्णा पहिल्यांदा हसली.

मग त्या बाई अण्णांना म्हणाल्या, "पण तुमास्नी चालंल न्हवं, पोरीनं नोकरी केलेली? न्हाईतर मागनं म्हणाल, आमी लिवलंच नव्हतं."

अण्णांनी डोळे उघडले. एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा मुलीकडे, एकदा हातातल्या मोबाईलकडे, ज्यावर त्यांचा बदल अजून स्वीकारला जायची वाट बघत होता. तो त्यांनी हळूच खिशात टाकला.

"म्हंजे काय," अण्णा म्हणाले. "आमीच लिवलंय की ते."

लग्न झालं, छान झालं. मांडवात अण्णांनी मला हाताला धरून चार पाहुण्यांसमोर उभं केलं. "ह्ये आमचे कॉम्प्युटरवाले साहेब. ह्यांच्यामुळं जमलं." पाहुण्यांनी विचारलं, ते कसं काय? अण्णा म्हणाले, "ह्यांना कॉम्प्युटर येत न्हाय म्हणून." खरं सांगावं तर सुवर्णा अडकते. मी जिलबी घेतली.

पुढं दोन-चार महिन्यांनी तिनंच बापाला सगळं सांगून टाकलं. अण्णा खूप हसले म्हणे. पण माझी सोलापुरात झालेली ख्याती काही त्यांनी मागे घेतली नाही.

खरी गंमत पुढच्या मेळाव्याची. आदल्या साली त्या बंद पडलेल्या दोन तासांत, उंची जागच्या जागी थांबल्यामुळे, बरीच लग्नं जमली होती. म्हणून अक्कांनी मला बोलावलं. "औंदा बी मेळाव्याच्या दिवशी अकराला बंद पडंल, एवढीच डिस्क घे."

"अक्का, त्यासाठी डिस्क कशाला भरायला पाहिजे? मी अकराला सरळ कुलूप लावतो. एक बटण आहे."

"कुलूप लावलं तर लोकं माझ्याशी भांडतील. बंद पडलं तर तुझ्याशी."

मी कामाला लागलो. या वेळी पितृपक्ष सोडून मोजलं. उंची किती वेळा बदलते ते धरलं. शेती, रंग, पगार, एकत्र-विभक्त, सगळं धरलं. मेळाव्याच्या सकाळी खुर्च्यांवर बसून होणारे बदल वेगळे काढले. असा अंदाज मी जर्मनीतसुद्धा कधी काढला नव्हता. डिस्क अकराला भरणार म्हणजे भरणार.

मेळावा भरला. अण्णा आता मंडळाचे स्वयंसेवक, छातीला बिल्ला. अकरा वाजले. काही झालं नाही. हॉलमध्ये बघतो तर सगळे लोक मोबाईल मांडीवर ठेवून, घड्याळाकडे बघत, हाताची घडी घालून बसलेले. अकराला हे बंद पडणार, हे सगळ्यांनी गेल्या सालापासून ऐकलेलं. मग उगाच बोटं कशाला शिणवायची, म्हणून सकाळपासून कोणी काही बदललंच नव्हतं. माझा अंदाज ज्या बदलांवर उभा होता, ते बदल झालेच नव्हते.

साडेअकरापर्यंत त्यांनी वाट बघितली. हे काही बंद पडत नाही असं दिसल्यावर एकानं मोबाईल उचलला, मग दुसऱ्यानं, आणि मग मांडव उठेपर्यंत अख्खा समाज वाढत होता. डिस्क मात्र भरली नाही. मेळाव्याआधीच भरू नये, म्हणून हिशेबापेक्षा थोडी मोठी घेतली होती ना.

मी आतल्या खोलीत डोक्याला हात लावून बसलो होतो. अण्णा आले. स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चहाचा कप माझ्यापुढं ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाले,

"गेल्या साली चालू ठेवता आलं न्हाय, ते समजू शकतो. औंदा बंद बी पाडता येईना. तिकडं नेमकं शिकवत्यात तरी काय?"